खळ घातलेली टोपी

गुजरातेतल्या आमच्या मराठी मंडळाच्या वार्षिक अंकात ‘आपल्यातलं माणूस’ असं एक सदर असतं. यंदा ते अंकाच्या संपादक वसुंधराबाईंनी माझ्यावर सोपवलं. नको म्हणायला मला जमलं नाही, आणि हो म्हटल्यावर आठ दिवस काही सुचलंही नाही. सरकारी कचेरीत मी पस्तीस वर्षं टिपणं लिहिली, पण त्यांना सुरुवात आणि शेवट दुसऱ्यांनी ठरवून दिलेले असत. माझ्या फार जवळचं असं माणूस एकच, माझी धाकटी बहीण शैला. शेवटी तिलाच विचारलं.

“लिही की,” ती म्हणाली. “फक्त मला बिचारी करू नकोस.”

“आजाराचं लिहू?”

“तेच लिही. बाकी माझ्यात काय आहे लिहिण्यासारखं?”

हे तिचं म्हणणं खरं नाही. शैलाने चौतीस वर्षं मराठी शाळेत गणित शिकवलं. खंडेराव मार्केटात अजूनही कोणी टक्कल पडलेला गृहस्थ तिला पाहून पिशवी खाली ठेवतो आणि हात जोडतो. एका मुलाच्या उत्तरात वडिलांचं वय मुलापेक्षा कमी आलं होतं, तेव्हा तिने वहीत लाल शाईने लिहिलं, ‘आधी याच्या बापाला जन्मू दे, मग मार्क देते.’ ती वही त्या मुलाने जपून ठेवली आहे. तो सुभानराव आता डभोईला वकिली करतो आणि ती गोष्ट स्वतःच सांगत फिरतो.

तिने लग्न केलं नाही. का, ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. माझी पत्नी गेल्यावर आम्ही दोघं हरणीच्या फ्लॅटमध्ये एकत्र राहू लागलो. घरात बोलायचं काम तिचं, ऐकायचं माझं. आणि कपड्यांचं सगळं खातं तिचं. लहानपणी वडिलांच्या पांढऱ्या टोप्यांना खळ घालायचं काम तिच्याकडे होतं, तेव्हापासूनची सवय. डाग म्हटला की ती हट्टाला पेटते. सोसायटीतल्या बायका हळदीचे, तेलाचे, शाईचे डाग घेऊन तिच्याकडे यायच्या. आमच्या आईचा एक नियमही तिने अजून पाळला आहे: दवाखान्यातून आलेलं कापड घरात कशालाही लागायच्या आत बादलीत गेलं पाहिजे.

२०१७च्या पावसाळ्यानंतर शैला गप्प होऊ लागली. मला ते लवकर कळायला हवं होतं. आधी तिने शिकवण्या बंद केल्या. मग सकाळी उठून पलंगाच्या कडेला बसायची ती दहा-दहा वाजेपर्यंत तशीच. फोन वाजला की तिच्या तळहातांना घाम फुटे. गॅसचा नळ बंद आहे की नाही हे पाहायला दिवसातून वीस वेळा जायची, आणि बंद दिसला तरी तिथेच उभी राहायची. बादलीत भिजवलेले कपडे दोन दिवसांनी वास मारू लागले, तेव्हा मी ते धुतले. त्यानंतर कपडे मीच धुऊ लागलो, खिचडीही मीच करू लागलो. ती जेवायची, पण चव कशी आहे ते सांगायची नाही. माझी खिचडी खाऊन शैला गप्प बसते, यावरूनच मला भीती वाटायला लागली.

मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंकडे जायला तीन महिने गेले. पहिल्या गोळीने हात थरथरू लागले. दुसरीने ती दिवसभर झोपायला लागली. तिसरीने महिनाभर जरा बरं वाटलं, मग पुन्हा तेच. तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, “आता आपण चुंबकाचा उपचार करून पाहू. डोक्यावर बाहेरून एक कॉइल ठेवायची. तिच्यातून निघणारे ठोके मेंदूच्या एका ठरावीक भागाला जागं करतात. रोज अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून पाच दिवस, अशा तीस बैठका. भूल नाही, इस्पितळात राहणं नाही. कपाळ थोडं दुखेल.”

“शॉक?” शैलाने विचारलं.

“नाही, तो उपचार वेगळा. यात तुम्ही जाग्या असाल, माझ्याशी बोलू शकाल.”

“गुण येतो?”

“साधारण निम्म्या लोकांना चांगला फरक पडतो. तुम्हाला पडेल की नाही, हे मी आज सांगू शकत नाही.”

शैला घरी आल्यावर चपला काढता काढता म्हणाली, “दादा, तीस वेळा जाईन. पण यानेही झालं नाही, तर मला पुन्हा कुठे नेऊ नकोस. मला जसं बसायचंय तसं बसू दे.”

मी ‘बरं’ म्हटलं. 

बातमी वरच्या मजल्यावरच्या जगदेवरावांना कळलीच. ते आमच्याच वयाचे, सावली गावच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. बोलण्यात निम्मं गुजराती. जिन्यातच त्यांनी मला गाठलं.

“अहो दीनाभाई, डोक्याला करंट देणार म्हणे शैलाताईंच्या? साव, अगदी खोटं काम! काय गरज आहे? चार दिवस डाकोरला देवदर्शनाला जाऊन या.”

“करंट नाही, चुंबक आहे.”

“चुंबक! मग तर आमच्या फ्रिजच्या दारावरचं नेलं असतंत. फुकट.”

मी हसून खाली उतरलो. रात्रभर मात्र ते माझ्या डोक्यात राहिलं.

अकोट्याच्या दवाखान्यात मशीन चालवायला दक्षाबेन होत्या. पन्नाशीच्या, जाड, गळ्यात चष्म्याची दोरी. पहिल्याच दिवशी त्यांनी शैलाला खुर्चीत बसवलं आणि म्हणाल्या, “बेन, कानातलं, केसातल्या पिना, बधुं, सगळं काढा. लोखंड-सोनं काही नको.”

शैलाने आकडे काढले, पण कुड्या निघेनात. आईच्या कुड्या, चाळीस वर्षांत तिने काढल्या नव्हत्या. फिरकी गच्च बसली होती. शेवटी दक्षाबेनने खोबरेल तेलाचं बोट लावून त्या सोडवल्या आणि माझ्या हातात दिल्या. कुड्यांशिवाय शैलाचे कान मला फार लहान वाटले.

मग त्यांनी तिच्या डोक्यावर एक पांढरी, घट्ट बसणारी सुती टोपी चढवली. टेपने इकडून तिकडे मोजलं, निळ्या पेनाने टोपीवर रेघा मारल्या. डॉक्टर आल्या आणि हातभर लांबीच्या दांड्याची ती कॉइल डाव्या बाजूला टेकवून एकेक ठोका देऊ लागल्या. प्रत्येक ठोक्याला जागा जराशी बदलायची. बराच वेळ काही झालं नाही. मग अचानक शैलाचा उजवा अंगठा टुणकन उडाला.

“अंगूठो हाल्यो, जोयुं?” दक्षाबेन मला म्हणाल्या.

शैला आपल्या अंगठ्याकडे दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखी पाहत होती. अंगठा हलवणारी जागा सापडली की तिच्यावरून किती जोर लावायचा ते कळतं, आणि तिथून थोडं पुढे मोजून उपचाराची जागा ठरते, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन समजावलं. तिथे दक्षाबेनने एक गोल काढला, बाजूला फुली मारली. मग मशीन सुरू झालं. कोणीतरी डोक्यावर पेन्सिलीने भराभर टकटक करावं तसा आवाज, चार सेकंद, मग स्वस्थता, मग पुन्हा टकटक.

निघताना दक्षाबेनने टोपी एका पिशवीत घालून माझ्याकडे दिली. “रोज घेऊन यायची. अने काका, बेनने कहेजो, टोपी धोवानी नथी. निशाण गेलं तर बधुं फरीथी मोजायचं.”

मी मान डोलावली. शैलाला मात्र सांगितलं नाही. तेव्हा तिला कसलीही सूचना दिली की ती तिच्या मनात दिवसभर फिरायची. टोपी धुवायची नाही म्हटलं असतं, तर पावसाचं पाणी पडलं तर काय, घाम आला तर काय, असं सुरू झालं असतं. आणि खरं सांगायचं तर ती धुईल, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. अकरा महिन्यांत तिने हातरुमालही धुतला नव्हता.

बारा बैठका झाल्या. फरक म्हणावा असा काही नाही. कपाळ दुखायचं, तेवढंच. डॉक्टर म्हणाल्या, “घाई नको, काही जणांना तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात कळतं.” जगदेवराव जिन्यात नुसतं “मग? काय म्हणतंय चुंबक?” विचारायचे आणि मी बाजार आणायला निघाल्याचं सांगून सटकायचो. मनात मी मोजत होतो. अठरा राहिल्या. अठरानंतर ती त्या पलंगाच्या कडेला बसणार आणि मी ‘बरं’ म्हटलेलं आहे.

तेराव्या बैठकीनंतरचा शनिवार होता. मी पेन्शनच्या कामाला बँकेत गेलो, तिथे रांग होती, यायला दीड वाजला. दार उघडलं तर घरात साबुदाण्याच्या खळीचा वास. गॅलरीत उन्हात एक पातेलं पालथं घातलेलं, आणि त्या पातेल्यावर ती टोपी. पांढरी शुभ्र. वडिलांच्या टोपीवर कधी आली नसेल अशी कडक खळ. बाजूला ताकाची वाटी, मिठाची वाटी. शैला वेताच्या मोड्यावर बसून ती सुकतेय की नाही ते पाहत होती.

त्या वेळी मी जे बोललो ते परत घेता आलं असतं तर बरं झालं असतं.

“शैले! हे काय करून बसलीस?”

ती दचकली. “का? बारा-तेरा दिवस डोक्याला घाम, तेल. दवाखान्याचं कापड, तसंच्या तसं कपाटात ठेवतोस. आणि शाईचे डाग किती! ताक-मीठ लावून तासभर चोळले तेव्हा गेले.”

“ते डाग नव्हते गं. खुणा होत्या. त्यावरून मशीन लावतात.”

तिचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर विझला. ती उठली, टोपी पातेल्यावरून काढली, पुन्हा ठेवली. मग आत जाऊन पलंगाच्या कडेला बसली.

“झालं,” म्हणाली. “जे हातात घेते ते बिघडतं. सोमवारी जायचं नाही. तेरा तर तेरा.”

मी दारात उभा राहिलो. असं उभं राहून मी आयुष्यात पुष्कळ गोष्टी जाऊ दिल्या आहेत. पण या वेळी कसंबसं तोंड उघडलं.

“तुझं नाही चुकलं. दक्षाबेनने पहिल्या दिवशी मला सांगितलं होतं, धुवायची नाही म्हणून. मी तुला सांगितलं नाही.”

“का?”

“तू घाबरशील म्हणून.”

शैलाने मान वर केली. “घाबरीन म्हणून? मग आणखी काय काय सांगत नाहीस मला?”

“काही नाही.”

“खोटं. डॉक्टर तुला बाहेर नेऊन बोलतात ते? जगदेवराव जिन्यात काय म्हणतात ते? बँकेची पत्रं? मी आजारी आहे, दादा. कुक्कुलं बाळ नाही! चौतीस वर्षं साठ-साठ पोरं सांभाळली मी, आणि मला एका टोपीचं सांगता येईना तुला?”

ती ओरडत होती. अकरा महिन्यांत तिचा आवाज पलंगाच्या पलीकडे गेला नव्हता, आता तो वर जगदेवरावांच्या घरी ऐकू गेला असणार. मी खाली मान घालून ऐकत होतो. मला वाईट वाटत होतं, आणि खोटं कशाला बोलू, थोडं बरंही वाटत होतं.

तरी ती जायला तयार नव्हती. रविवार तसाच गेला. सोमवारी सकाळी नऊ वाजता मी चहा घेऊन गेलो, तर ती साडी बदलून बसलेली.

“उपचाराला नाही,” तिने आधीच सांगितलं. “दक्षाबेनला सांगायला. आपण चूक करायची आणि निरोप दुसऱ्याने द्यायचा, हे मी वर्गात कधी चालू दिलं नाही.”

“चूक माझी आहे.”

“म्हणून तूही चल.”

दवाखान्यात शैलाने पिशवीतून टोपी काढून टेबलावर ठेवली. ती टोपी आपली आपण उभी राहिली, वाटीसारखी. दक्षाबेनने चष्मा डोळ्यावर चढवला.

“आ कोणे धोई?”

“मी,” शैला म्हणाली. “मला ठाऊक नव्हतं. पण धुतली मी. खुणा गेल्या. तुमचं काम वाढवलं.”

दक्षाबेनने टोपी उचलली, टेबलावर ठोकली. टकटक आवाज आला. आणि त्या इतक्या हसल्या की त्यांच्या गळ्यातली दोरी हलायला लागली. “अरे बाप रे! आ तो हेल्मेट छे! बेन, स्कूटरवर घालून जा, पोलीस पकडशे नहीं!” मग एकदम हसू थांबवून त्यांनी टोपी आतून-बाहेरून पाहिली. “पण बेन, माझ्या पेनाची शाई जात नाही. मी करून पाहिलंय. कशाने गेली?”

“आंबट ताक आणि मीठ. आधी अर्धा तास भिजवायचं. चोळायचं बोटाने, ब्रशने नाही. आणि उन्हात.”

“थांबा, थांबा.” दक्षाबेन आत गेल्या आणि आपला पांढरा कोट घेऊन आल्या. खिशाखाली निळा डाग, तळहाताएवढा. “दोन वर्षांपासून आहे.”

शैलाने कोट खिडकीशी नेला, डाग उजेडात धरला, अंगठ्याने घासून पाहिला. “आधी साबण लावलात ना?”

“हा.”

“तिथेच चुकलात,” शैला म्हणाली. तोच आवाज, ज्या आवाजाने सुभानराव वकील अजून घाबरतो.

मागे डॉक्टर कधी येऊन उभ्या राहिल्या ते आम्हाला कळलं नाही. त्यांनी मला हळूच विचारलं, “याआधी त्यांनी कपडे कधी धुतले होते?”

“अकरा महिने झाले.”

“टोपी कुणी सांगितल्यावर धुतली?”

“मी घरात नव्हतो.”

डॉक्टरांनी फाईलमध्ये काहीतरी लिहिलं. मी विचारायच्या आतच म्हणाल्या, “एका टोपीवरून मी काही सांगणार नाही, काका. पण हे लिहून ठेवते.” मग मोठ्याने म्हणाल्या, “शैलाताई, जागा पुन्हा शोधायला दहा मिनिटं लागतील. बसता का?”

शैला माझ्याकडे न पाहता म्हणाली, “दक्षाबेनचं काम वाढलंच आहे, तर पुरं करू दे.” आणि कुड्या काढायला लागली. आता त्या सहज निघायच्या.

नवी टोपी चढवली. टेप लावला. “दोनदा मोजा,” शैलाने सांगितलं. दक्षाबेनने दोनदा मोजलं. अंगठा उडाला.

पुढच्या सोळा बैठकांचं सगळं सांगत बसत नाही. एकदम काही झालं नाही. अठराव्या का एकोणिसाव्या दिवशी तिने खिचडीत मीठ कमी असल्याचं सांगितलं. बाविसाव्या दिवशी ठोके संपल्यावर ती दक्षाबेनला म्हणाली, “आज चौऱ्याहत्तर वेळाच झालं. रोज पंचाहत्तर होतात.”

“मशीन मोजतं, बेन.”

“आणि मशीनला कोण मोजतं?”

दोघींचा वाद मी बाहेर बाकावर बसून ऐकला. पंचाहत्तरच झाले होते, पण शैलाने अजून मान्य केलेलं नाही. मधे पाच-सहा दिवस फार वाईटही गेले. एकदा तर रिक्षातून अर्ध्या वाटेत उतरते म्हणाली. मी तिला काही समजावलं नाही, फक्त त्या दिवसापासून डॉक्टर मला जे सांगायच्या ते सगळं तिलाही सांगू लागलो. ते ऐकून ती घाबरलीही, पण उतरली नाही.

तिसावी बैठक झाली तेव्हा ती पूर्ण बरी झाली, असं मी म्हणणार नाही. आजही एक गोळी आहे. गॅसचा नळ ती दिवसातून दोन-तीनदा पाहतेच. पण शिकवणीला तीन मुली येतात, आणि कपड्यांचं खातं तिने माझ्याकडून काढून घेतलं. मी धुतलेल्या अकरा महिन्यांच्या कपड्यांबद्दल जे बोलली, ते इथे लिहीत नाही.

वर्षभराने, दिवाळीनंतर, तिच्या चेहऱ्यावर पुन्हा ते ढग दिसू लागले. मी पाहिलं, पण बोलायला धजत नव्हतो. पुन्हा कुठे नेऊ नकोस, असं ती म्हणाली होती आणि मी ‘बरं’ म्हटलं होतं. चार दिवस मी तसाच घुटमळत राहिलो. पाचव्या दिवशी सकाळी शैला बाहेर आली, हातात पर्स.

“डॉक्टरांना फोन केला. काही बैठका पुन्हा घ्या म्हणाल्या. अकराची वेळ दिली.”

मी उठून चपला शोधू लागलो.

“तू कुठे? मी एकटी जाते. तू आलास की दक्षाबेन तुझ्याशीच गप्पा मारत बसते, माझे ठोके मोजत नाही.”

गॅलरीतून मी पाहिलं. फाटकापाशी तिने रिक्षावाल्याशी भाव ठरवला, तो काहीतरी जास्त म्हणाला असावा, कारण तिने बोटांवर त्याला हिशेब करून दाखवला. मग ती बसली आणि रिक्षा वळणावरून गेली. मी आत आलो. काय करावं सुचेना. भात लावला आणि खुर्चीत बसून राहिलो, नजर घड्याळाकडे. साडेबाराला बेल वाजली.

दार उघडलं तर शैला उंबऱ्यातच उभी, नाक वर करून.

“दादा,” ती म्हणाली, “भात करपला ना रे तुझा?”